नव्वद दिवसांचे कर्मकांड

सरकारी कार्यालयातील प्रत्येकाने आपला पासवर्ड ठराविक मुदतीने बदललाच पाहिजे, आणि तो आपणहून बदलत नसेल तर यंत्राने त्याला तसे करण्यास भाग पाडले पाहिजे, हा नियम आपल्या प्रशासनात इतका रुजला आहे की त्याचे कारण विचारणे हेच बेशिस्तीचे लक्षण मानले जाते. मी ते कारण गेली काही वर्षे विचारीत आलो आहे आणि मला अद्याप समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. उलट जसजसे वाचत गेलो तसतसे माझे मत पक्के होत गेले की हा नियम सुरक्षितता वाढवीत नाही, कमी करतो. त्याचा सारा बोजा कार्यालयातील सर्वांत खालच्या पायरीवरील माणसावर पडतो. आणि काही विपरीत घडले की त्याच माणसाच्या गळ्यात दोष बांधण्याची सोयही हाच नियम करून ठेवतो.

मी संगणक अभियंता नाही. माझे शिक्षण अर्थशास्त्राचे आणि नोकरी फाईलींची. परंतु एखाद्या नियमाची टीका करायची तर तो प्रत्यक्षात कसा चालतो हे आधी पाहावे, या जुन्या सवयीने मी आमच्या तांत्रिक कक्षातील एका तरुण सहकाऱ्याजवळ दोन दुपारी बसून ही व्यवस्था समजावून घेतली. वाचकांनाही ती थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सारा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे.

आपल्याकडील बहुतेक मोठे सर्व्हर लिनक्सवर चालतात. लिनक्समध्ये ‘शॅडो’ नावाची एक फाईल असते. तीत प्रत्येक खात्याची एक ओळ आणि त्या ओळीत पासवर्डच्या गुप्त ठशानंतर काही आकडे असतात. पहिला आकडा पासवर्ड शेवटी कधी बदलला ते सांगतो, पण तारखेने नव्हे. १ जानेवारी १९७० पासून किती दिवस लोटले ते मोजून. १ जानेवारी २०२४ हा दिवस तेथे १९७२३ असा दिसतो. त्यापुढचे आकडे असे: पासवर्ड किमान किती दिवस टिकला पाहिजे, कमाल किती दिवस टिकू शकतो, मुदत संपण्यापूर्वी किती दिवस ताकीद द्यायची, मुदत संपल्यावर किती दिवसांनी दार बंद करायचे. ‘चेज’ नावाची एक आज्ञा हे आकडे बदलते. व्यवस्थापकाने कमाल मुदतीच्या जागी ९० लिहिले की काम झाले. हजार खाती असतील तर एक छोटीशी स्क्रिप्ट लिहायची आणि ‘क्रॉन’ या वेळापत्रक सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या स्वाधीन करायची. मुळात अनेक लिनक्स प्रणालींत या जागी ९९९९९ हा आकडा असतो, म्हणजे सुमारे २७३ वर्षे. प्रणाली रचणाऱ्यांनी मुदतीची सोय ठेवली, पण सक्ती केली नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता यापुढची गंमत पाहा. माणसाला पासवर्ड बदलायला लावले की तो बदलून लगेच पुन्हा जुना ठेवतो. म्हणून व्यवस्थापक मागील पाच-सात पासवर्डांचे ठसे जपून ठेवण्याची तजवीज करतो. मग चलाख कर्मचारी एकाच बैठकीत सात वेळा पासवर्ड बदलून आठव्यांदा जुन्यावर येतो. त्यावर उपाय म्हणून किमान मुदत सात दिवसांची केली जाते. याचा अर्थ असा, की आज सकाळी मी नवा पासवर्ड ठेवला आणि दुपारी माझ्या खांद्यावरून कोणी तो पाहिला, तर संध्याकाळी मला तो स्वतःहून बदलता येत नाही! ज्या क्षणी बदलणे खरोखर आवश्यक, नेमके त्याच क्षणी यंत्र नकार देते. आपल्या कार्यालयांत एका नियमाची पळवाट बुजवण्यासाठी दुसरा आणि दुसऱ्यासाठी तिसरा नियम करीत मूळ हेतूच कसा गाडला जातो, याचे इतके नेटके उदाहरण मला तरी अन्यत्र आढळलेले नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. मुदत संपलेल्या खात्याच्या नावाने रात्री आपोआप चालणारी कामेही अडू शकतात. बॅकअप घेणारे खाते मुदतीत सापडले तर रात्रीचा बॅकअप निमूटपणे थांबतो, आणि ते कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. एकदा असे घडले की व्यवस्थापक शहाणा होतो. तो त्या सर्व यंत्र-खात्यांना मुदतीतून सूट देऊन टाकतो. परिणाम काय? ज्या खात्याच्या हाती संपूर्ण डेटाबेस आहे, त्याचा पासवर्ड प्रणाली बसवणाऱ्या कंत्राटदाराने पहिल्या दिवशी ठेवला तोच वर्षानुवर्षे राहतो. आणि ज्या लिपिकाला केवळ आवक-जावकची नोंद करायची आहे, त्याला दर ९० दिवसांनी नवा शब्द शोधावा लागतो. कायदा दुर्बळाला बांधतो आणि समर्थाला मोकळे सोडतो ही तक्रार जुनीच आहे. ती एका फाईलीतल्या आकड्यांत इतकी स्वच्छ लिहिलेली सापडेल असे मात्र वाटले नव्हते.

काही कार्यालयांत उत्साही व्यवस्थापकांनी याहीपुढे मजल मारली आहे. माणसाने बदलायची वाटच पाहायची नाही. स्क्रिप्टनेच दर महिन्याला नवा पासवर्ड तयार करायचा, एकगठ्ठा बदलणाऱ्या आज्ञेने तो बसवायचा आणि संबंधिताला ई-मेलने कळवायचा. म्हणजे सर्वांचे नवे पासवर्ड एका साध्या फाईलीत, तेथून साध्या ई-मेलमध्ये, आणि तेथून विभागातल्या छापलेल्या कागदावर! शिवाय अशा स्क्रिप्टमध्ये पासवर्ड आज्ञेच्या ओळीतच लिहिला असेल तर ती आज्ञा चालू असेपर्यंत त्याच यंत्रावरील दुसऱ्या वापरकर्त्याला तो दिसू शकतो. कुलूप वारंवार बदलावे हे ठीक, पण किल्ल्यांचा जुडगा दर महिन्याला नोटीस बोर्डावर टांगायचा असेल तर जुने कुलूप काय वाईट होते? माझ्या तरुण सहकाऱ्याला मी हेच विचारले. तो हसून म्हणाला, “सर, ऑडिटच्या तक्त्यात एक रकाना आहे, तो भरायचा असतो.” त्याला मी दोष देत नाही. रकाना त्याने केलेला नाही.

हा रकाना आला कोठून? संगणकावरील पासवर्डचा इतिहास १९६० च्या दशकारंभी अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेपासून सुरू होतो. तेथे एकाच यंत्रावर अनेकांनी काम करावयाचे असल्याने प्रत्येकाला पासवर्ड दिला गेला. १९६२ साली ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने आपल्याला अधिक संगणकवेळ मिळावा म्हणून पासवर्डांची फाईलच छापून घेतली. (रेशनिंग आले की काळाबाजार येतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही.) १९७९ साली युनिक्सच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले, त्यांतील २,८३१, म्हणजे ८६ टक्के, फार आखूड किंवा यादीतून सहज सापडणारे निघाले. १९८५ साली अमेरिकन संरक्षण खात्याने पासवर्ड-व्यवस्थापनाची मार्गदर्शिका काढली. तीत मुदतीमागचे गणित मांडलेले आहे: शत्रू अमुक वेगाने अंदाज करीत राहिला तर अमुक काळात पासवर्ड सापडण्याचा संभव वाढतो, म्हणून तत्पूर्वी बदलावा. त्या काळातील यंत्रांच्या वेगाला ते गणित योग्य होते, आणि तरीही तेथे कमाल मर्यादा एक वर्षाची सांगितली होती. आज ठशांची फाईल चोराच्या हाती लागली तर दुबळा पासवर्ड काही मिनिटांत फुटतो आणि लांबलचक पासवर्ड कित्येक वर्षांत फुटत नाही. ९० दिवसांची मुदत या दोहोंपैकी कोणाच्या उपयोगी पडते? पहिल्याला ती फार लांब आहे आणि दुसऱ्याला अनावश्यक.

नियमाच्या समर्थकांची मुख्य भिस्त ‘चोरीला गेलेला पासवर्ड निदान काही दिवसांनी निरुपयोगी तरी होतो’ या युक्तिवादावर असते. वरवर पाहता हे पटते. परंतु चोर ९० दिवस थांबून चोरी करीत नाही. त्याच्या हाती पासवर्ड मुदतीच्या मध्यावर लागला असे धरले तरी त्याला ४५ दिवस मिळतात, आणि घर धुऊन न्यायला एक दुपार पुरते. शिवाय लिनक्सवर एकदा प्रवेश मिळाला की जाणता चोर त्या खात्याच्या फाईलींत स्वतःची डिजिटल किल्ली ठेवून देतो. मग पासवर्ड कितीही वेळा बदला, मागचे दार उघडेच. आणि चोर तितका जाणता नसला तरी नवा पासवर्ड त्याला ओळखता येतोच. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली, जेथे दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलणे सक्तीचे होते अशा सुमारे ७,७०० जुन्या खात्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुना पासवर्ड ठाऊक असेल तर १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाच प्रयत्नांच्या आत सापडत होता. आणि ठशांची फाईल हाती असेल तर ४१ टक्के पासवर्ड प्रत्येकी तीन सेकंदांत. माणसे शब्द बदलत नाहीत, शेवटचा आकडा बदलतात. हे कळण्यासाठी विद्यापीठाची गरज नव्हती. आपल्या कोणत्याही कार्यालयातील कोणताही लिपिक हे सांगू शकेल. कुलदैवताचे नाव, त्यापुढे ॲटचे चिन्ह, त्यापुढे चालू महिना. नियमाची प्रत्येक अट पूर्ण! मोठे अक्षर आहे, चिन्ह आहे, आकडा आहे, आणि मुदतीत बदललेलाही आहे.

एका सेनाधिकारी स्नेह्याने माझ्याशी वाद घालताना आपल्या भाषेतलाच दाखला दिला होता. पासवर्डला मराठीत आपण ‘परवलीचा शब्द’ म्हणतो, आणि छावणीतील पहाऱ्याचा परवलीचा शब्द तर रोज बदलतो. दाखला चांगला आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे. परवलीचा शब्द शेकडो शिपायांना एकच असतो. तो कोणा एकाच्या मालकीचा नसतो, म्हणून तो फुटणार हे गृहीतच धरलेले असते. तो एका रात्रीपुरता लक्षात ठेवायचा असतो, आणि दुसऱ्या दिवशी नवा शब्द वरून येतो, शिपायाला शोधावा लागत नाही. माझा पासवर्ड माझ्या एकट्याचा आहे आणि त्याचे सारे मोल तो माझ्या एकट्याच्या डोक्यात राहण्यात आहे. तो डोक्यात राहू नये अशी व्यवस्था केली की तो डायरीत जातो, डायरीतून टेबलाच्या काचेखाली, आणि तेथून शेजारच्याच्या तोंडी.

हे शेवटचे वाक्य अलंकारिक नाही. केंद्रीय सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियम, १९६५ मधील नियम १४ खाली मोठ्या शिक्षेसाठीची चौकशी चालते हे आमच्या सेवेतील वाचक जाणतातच. अशा एका प्रकरणात मी चौकशी अधिकारी होतो. कार्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. एक देयक एका वरिष्ठ लिपिकाच्या लॉगिनवरून मंजुरीसाठी पुढे पाठवले गेले होते आणि ते पाठवणे गैर होते. त्या दिवशी लिपिक रजेवर होता. खात्याचा संपूर्ण पुरावा एका कागदावर होता: लॉगिनची नोंद. पासवर्ड वैयक्तिक असतो, तो कोणास सांगू नये असे परिपत्रक आहे, सबब वापर त्याचाच किंवा निष्काळजीपणा त्याचा, असा प्रस्तुतकर्ता अधिकाऱ्याचा युक्तिवाद होता. साक्षी सुरू झाल्यावर हळूहळू उलगडले की त्या विभागात सहा जणांचे पासवर्ड एका वहीत लिहिलेले होते. वही कोणी सुरू केली? कोणीच नाही. मुदत संपून खाते बंद पडले की उघडून मिळायला दोन-तीन दिवस लागत, देयके तुंबत, वरून ओरड होई. म्हणून वही आली. विभागप्रमुखांना वही ठाऊक होती. त्यांचाही पासवर्ड तीत होता. मी आरोप सिद्ध होत नाही असा अहवाल दिला आणि पुढील निर्णय सक्षम अधिकाऱ्यांचा होता. परंतु त्या गृहस्थाची पदोन्नती चौकशीच्या काळात मोहोरबंद पाकिटात पडून राहिली, आणि गेलेली वर्षे कोणत्याही आदेशाने परत येत नाहीत. त्या वहीतले पासवर्ड मात्र दर तिमाहीला नेमाने बदललेले होते. नियमाचे पालन शंभर टक्के.

जगाने या प्रश्नावर आपले मत बदलले आहे. लंडनमधील ॲन ॲडम्स आणि अँजेला सासे यांनी १९९९ सालीच दाखवून दिले होते की वापरकर्ता हा सुरक्षेचा शत्रू नसून अव्यवहार्य नियम त्याला पळवाटेकडे ढकलतात. ब्रिटनच्या सरकारी यंत्रणेने २०१५ च्या मार्गदर्शिकेत मुदतीच्या सक्तीविरुद्ध सल्ला दिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, ‘निस्ट’ने, २०१७ साली ठराविक मुदतीने बदल मागू नये असे म्हटले. मूळ २००३ च्या पासवर्डविषयक परिशिष्टाचे लेखक बिल बर यांनी त्याच वर्षी आपण सुचवलेल्या बऱ्याच गोष्टींबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोजच्या शिफारशींतून मुदत काढून टाकली. आणि २०२५ च्या सुधारित आवृत्तीत निस्टने ‘मागू नये’च्या जागी ‘मागताच कामा नये’ अशी भाषा केली. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तर मात्र तो सक्तीने बदलायला लावावा. आपल्याकडे या काळात काय झाले? तीन महिन्यांची मुदत रूढ होतीच. जून २०२२ मध्ये शासकीय कर्मचाऱ्यांसाठी निघालेल्या सायबर सुरक्षा मार्गदर्शक सूचनांत ती ४५ दिवस झाली. त्या सूचनांतील अनेक गोष्टी उत्तम आहेत. पासवर्डखेरीज दुसरी खातरजमा वापरा हे तर सोन्याचे वाक्य आहे. पण पंचेचाळीस दिवस? इतर जण शिडी उतरत असताना आपण एक पायरी वर चढलो.

येथे माझे अर्थशास्त्र थोडे वापरू द्या. हजार माणसांचे एक कार्यालय घ्या. ४५ दिवसांची मुदत म्हणजे वर्षाला आठ बदल. नवा शब्द शोधणे, विसरणे, खाते उघडून घेणे या सर्वांस दर वेळी सरासरी पंधरा मिनिटे धरली तर वर्षाला २,००० तास, म्हणजे आठ तासांचे २५० मनुष्यदिवस. हे माझे गृहीतक आहे, सर्वेक्षण नव्हे. वाचकांनी आपापल्या कार्यालयाचा आकडा घालून पाहावा. महत्त्वाचे हे की हा खर्च कोणत्याही लेखाशीर्षात दिसत नाही. नियम करणाऱ्याला तो फुकट पडतो. संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २००९ साली एका निबंधात दाखवले की सुरक्षेचे सल्ले धुडकावणारा वापरकर्ता मूर्ख नसतो; सल्ल्याचा खर्च त्याच्यावर आणि लाभ नगण्य, हा हिशोब त्याने मनाशी बरोबर केलेला असतो. माणसाच्या आज्ञाधारकतेलाही एक अर्थसंकल्प असतो. तो आपण निरर्थक कर्मकांडावर उधळला, तर संशयास्पद ई-मेल उघडण्याआधी दोन क्षण थांबण्यासाठी त्याच्याजवळ काही शिल्लक राहत नाही.

मी स्वयंचलित बदलाच्याच विरुद्ध आहे असे मात्र कोणी समजू नये. यंत्रांच्या किल्ल्या अवश्य बदलाव्यात, आणि त्या यंत्रानेच बदलाव्यात. संकेतस्थळांची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे पाहा. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या सेवेने ९० दिवसांची प्रमाणपत्रे रुळवली आणि त्यांचे नूतनीकरण आपोआप होऊ लागले. आता जगातील प्रमाणपत्र-संस्था आणि ब्राउझर-कंपन्यांनी २०२५ मध्ये ठरवले आहे की मार्च २०२९ पासून कमाल मुदत ४७ दिवसांची असेल. मी त्याचे स्वागत करतो. यंत्राला नवा शब्द लक्षात ठेवण्याचे कष्ट नाहीत, ते आकडा पुढे ढकलून फसवीत नाही, वही ठेवीत नाही. बॅकअपच्या खात्याला, डेटाबेसच्या खात्याला, सर्व्हरच्या मूळ व्यवस्थापक-खात्याला हीच पद्धत लावा. आपण नेमके उलट केले आहे: जेथे स्वयंचलन फुकट आहे तेथे सूट, आणि जेथे महाग आहे तेथे सक्ती.

राहिला बदलून गेलेल्या कर्मचाऱ्यांचा प्रश्न. मुदत नसेल तर त्यांची खाती जिवंत राहतील, ही भीती रास्त आहे. पण त्याचे औषध बदलीच्या आदेशात आहे. कार्यमुक्त होताना ग्रंथालयाचे पुस्तक परत केल्याचा दाखला आपण मागतो, टेबलाच्या किल्ल्यांची पोच घेतो. खाते बंद केल्याचा दाखला का मागत नाही? माणूस गेल्यावरही नव्वद दिवस दार उघडे ठेवायचे आणि त्याला सुरक्षा म्हणायचे, हे कोणत्या तर्कात बसते?

टीका केली की ‘मग पर्याय द्या’ असे वरिष्ठ म्हणतात, आणि ते योग्यच आहे. माझ्या विभागाच्या फाईलवर मी ठेवलेला मसुदा असा: “व्यक्तींच्या पासवर्डास कालमर्यादा राहणार नाही. पासवर्ड किमान पंधरा अक्षरांचा असावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द चालतील, ते मराठी, तमिळ वा खासी असे कोणत्याही भाषेतील, रोमन लिपीत लिहिलेले असले तरी हरकत नाही. फुटलेल्या पासवर्डांच्या यादीतील शब्द प्रणाली स्वीकारणार नाही. प्रत्येकास दुसरी खातरजमा सक्तीची राहील. पासवर्ड फुटल्याचा संशय आल्यास वापरकर्त्यास तो त्याच क्षणी बदलता आला पाहिजे, व अशी सूचना देणाऱ्याविरुद्ध केवळ त्या कारणाने कारवाई केली जाणार नाही. यंत्र-खात्यांच्या किल्ल्या स्वयंचलित पद्धतीने बदलल्या जातील व त्यांतून कोणासही सूट नसेल. कार्यमुक्तीच्या दिवशी खाते बंद झाल्याखेरीज अंतिम वेतन प्रमाणपत्र दिले जाणार नाही.”

फाईल सध्या तांत्रिक अभिप्रायासाठी गेली आहे. आपल्या कार्यालयात ज्यांना हा मसुदा जसाच्या तसा चढवायचा असेल त्यांनी खुशाल चढवावा.